धानातलं तण म्हशीला घालावं की औषध मारून मोकळं व्हावं?

लश्करकर
नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, आमच्या बटईदाराच्या (वाट्याने आमची जमीन कसणाऱ्याच्या) बायकोचा आहे. पण उत्तर मला द्यायचंय, म्हणून इथे आलो.

ग्वाल्हेरजवळ भितरवारच्या बाजूला हरसीच्या कालव्यावर आमची बारा बिघे जमीन आहे. हरसीचं धरण १९३५ मध्ये पुरं झालं, त्याआधी आजोबा तिथे हरभरा आणि जवस घ्यायचे म्हणे. आता सगळीकडे धानच धान. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, राहतो ग्वाल्हेरात, जनकगंजात. महिन्यातून एकदा बसने जातो, मेंडेवर उभा राहतो, चहा पितो, परत येतो. शेतीतलं माझं ज्ञान एवढंच.

यंदा रोपं लावून अठरा दिवस झालेत (पूसा १५०९). काल गेलो तर नवरा-बायकोचं मेंडेवरच जुंपलेलं. तो म्हणतो, सांवा (धानासारखंच दिसणारं तण) फार माजलाय, औषधाची बाटली आणून ठेवलीय, दोन-चार दिवसांत मारतो. ती म्हणते, औषध मारलंस तर माझ्या म्हशी काय खातील? आत्ता टोपलीभर निघतं, पण महिन्याभराने रोज दोन भारे निघतात. गेल्या वर्षी अख्खा भादो भुशाला हात लावावा लागला नव्हता. शेवटी दोघंही माझ्याकडे वळले. "बाबूजी, अब तुमई बताओ."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. बँकेतली जुनी सवय. तर सांगा, काय सांगू?

पुणेरी_पगडी
मेंड म्हणजे बांध का? आणि बिघा म्हणजे नक्की किती?

लश्करकर
हो, बांध. आमच्याकडे साधारण पाच बिघ्यांचा एक हेक्टर होतो. बाकीच्यांचा बिघा वेगळा असतो, त्यात पडू नका, त्यावर वेगळा धागा निघेल.

मुरारकर
यात विचार करण्यासारखं काय आहे? फुकटचा चारा आहे, घालू द्या. आमच्या आजीकडे चार म्हशी होत्या, पावसाळाभर धानातलं गवतच खायच्या. त्या दुधाची साय अशी यायची की वर पैसा ठेवला तर बुडायचा नाही. आता सगळ्यांना बाटलीच लागते. बाटलीला पैसे, मारणाऱ्याला पैसे, आणि वर बाजारातून भूसा विकत. सरळ हिशेब आहे, तुम्हीच बँकेतले.

पुणेरी_पगडी
साहेब, 'खरपतवार', 'भादो', 'भूसा'... मराठीत तण, भाद्रपद आणि भुसकट म्हणतात.

मुरारकर
'खरपतवार' अजून कोणी लिहिलंच नाहीये इथे. आता तुम्ही लिहिलंत.

गोठ्यातला_डॉक्टर
छत्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली, त्यातली बरीच डबरा-भितरवार पट्ट्यात. म्हणून थोडं लांबेल.

बाई चुकीचं बोलत नाहीये. सांवा कोवळा असताना उत्तम चारा आहे, म्हैस आवडीने खाते. केनाही खाते, फक्त तो फार पाणीदार आणि बुळबुळीत, नुसता घातला तर शेण पातळ होतं. मोथा (लव्हाळा) कोवळा असेपर्यंत खातात, मग त्रिकोणी दांडा राठ झाला की गव्हाणीत तसाच पडून राहतो. हे जनावरच सांगतं, पुस्तक लागत नाही.

पण मुरारकर, 'फुकट' म्हणण्याआधी भारा पिळून बघा. ओल्या तणात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. साडेचारशे किलोच्या म्हशीला दिवसाला वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडं अन्न लागतं, म्हणजे अकरा ते तेरा किलो. पंचवीस किलोचा भारा डोक्यावरून आणला तर त्यात कोरडं निघालं पाच किलो. पोट फुगलेलं दिसतं, मालकाला वाटतं खाऊन तृप्त झाली, आणि दूध आठ दिवसांत उतरतं. तेव्हा भुशाला हात लावावा लागला नाही हे मला पटत नाही. लावला असेल. बाईला विचारा. ती संध्याकाळी चार मुठी नक्की घालत असणार.

चांगला मार्ग म्हणजे तण आणि भूसा एकत्र कुट्टी करून घालणं. तणातला ओलावा भुशाला चव देतो आणि भूसा तणाचं पाणी धरतो. सुरुवात एकदम भारा टाकून नको, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. पेंड बंद करू नये.

आणि एक महत्त्वाचं: तण पाण्याच्या रेषेच्या वर कापावं. का ते पुढे सांगतो, आत्ता जेवायला बोलावतायत.

बडोदेकरीण
सांवा म्हणजे आमच्याकडचा सामो ना? इथे उपासाला सामो खातात! म्हणजे म्हशीचा आणि माझा एकादशीचा मेनू एकच?

इंदुरी_मावशी
आमच्याकडे त्याला मोरधन म्हणतात. उपासाची खिचडी करतो आम्ही, तूप-जिरं घालून.

मुरारकर
आणि वर शेव.

इंदुरी_मावशी
उपासाच्या खिचडीवर उपासाची शेव. बटाट्याची. शिका काहीतरी.

डबऱ्याची_धानवाली
बडोदेकरीणताई, अगदी बरोबर, चुलत घराणं आहे. धानात उगवतो तो जंगली सांवा, आणि उपासाला खातो तो त्याच्याच वंशातून माणसाने निवडत निवडत आणलेला. जंगल्याचा दाणा बारीक आणि पिकला की गळून पडतो, घरच्याचा कणसातच राहतो. एवढाच काय तो सुधारलेपणा.

आता मूळ प्रश्न. मी डबऱ्याची, घरी धान आहे, शेतकी शिकलेय. मला डॉक्टरकाकांचं सगळं पटलं, पण म्हशीच्या बाजूने. धानाची बाजू कोणी मांडलीच नाही.

लावणीनंतर साधारण पंधराव्या-विसाव्या दिवसापासून पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंतचा काळ धानाचा जीव असतो. याच वेळात फुटवे येतात. या वेळात सांवा बाजूला उभा राहिला तर तो धानाच्या आधी वर जातो, ऊन अडवतो आणि तुम्ही फेकलेला युरिया आधी स्वतः खातो. बाई म्हणतात महिन्याभराने दोन भारे निघतात. म्हणजे काय, तर महिनाभर धानाच्या पैशाने तण पोसायचं आणि मग कापून म्हशीला घालायचं. चारा फुकट नाही लश्करकर, तो तुमच्या धानाच्या पोत्यातून जातोय. फक्त ते पोतं डोळ्यांना दिसत नाही.

विसाव्या दिवशी उपटलं तर धान वाचतं, पण म्हशीला टोपलीभरच मिळतं. पंचेचाळिसाव्या दिवशी उपटलं तर म्हैस खूश, पण धानाचं नुकसान होऊन गेलेलं. यातून सुटका नाही.

मुरारकर
म्हणजे तुम्ही बाटलीवाल्या.

डबऱ्याची_धानवाली
मी धानवाली. वर लिहिलंय.

कोकणातला_चाकरमानी
धागा मस्त चाललाय. आमच्याकडे लांज्याला बेणणी म्हणतात. पावसात इरलं घेऊन आई-काकू वाकून बेणायच्या आणि उपटलेलं गवत नदीवर धुऊन वाड्यात आणायच्या. चिखल झटकायचा, मुळं तोडायची, मगच गुरांपुढे. मुळांसकट घातलं तर माती पोटात जाते म्हणून आजी ओरडायची. आता तिथे बेणायला माणूसच मिळत नाही, अर्ध्या शेतात भातच लावत नाहीत.

धान म्हणता तुम्ही, आम्ही भात म्हणतो. तुमच्याकडे भात म्हणजे फक्त शिजलेला का?

लश्करकर
हो, शेतात असतो तोवर धान, मंडीत गेला की धान, घरी आला की तांदूळ, ताटात आला की भात.

बडोदेकरीण
ऋषिपंचमीला देवभात लागतो तोही असाच तणासारखा उगवतो ना? बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून.

इंदुरी_मावशी
हो, आणि ऋषीची भाजी. माझ्या सासूबाई म्हणायच्या, त्या दिवशी नांगराने पिकवलेलं काही चालत नाही.

डबऱ्याची_धानवाली
आमच्या गावात हे हरछठला असतं, येत्या आठवड्यातच आहे. बायका मुलांसाठी उपास करतात, नांगरलेलं काही खात नाहीत. पसाईचे चावल खातात. ते तळ्याकाठी, खोलगट जागी आपोआप येणारं जंगली धान आहे. दाणा हात लागताच गळतो, म्हणून खाली टोपली धरून झोडतात. आणि त्या दिवशी गाईचं दूध-दही चालत नाही, म्हशीचंच लागतं!

म्हणजे बघा, बाकी वर्षभर ज्याला आम्ही शेतातला चोर म्हणतो त्याचा तांदूळ आणि म्हशीचं दही. लश्करकरांच्या बटईदारिणीचा हा सणच म्हणायला हवा.

पुणेरी_पगडी
मग ते जंगली धान शेतात आलं तर ओळखायचं कसं? दिसायला धानच ना.

डबऱ्याची_धानवाली
तेच तर दुखणं आहे. सांवा ओळखता येतो, जंगली धान निसवेपर्यंत, म्हणजे लोंबी बाहेर येईपर्यंत, ओळखता येत नाही.

सांव्याची खूण सांगते, लश्करकर, हे शेतावर करून बघा. रोप हातात घ्या. पान खोडाला जिथे बिलगतं तो सांधा शोधा आणि पान हळूच मागे वाकवा. धान असेल तर त्या सांध्यात एक पातळ, पांढरट, टोकदार जिभली उभी दिसेल, आणि दोन्ही बाजूंना केसाळ नख्यांसारखे दोन बारीक कान. सांव्याला जिभली नाही आणि कानही नाहीत, सांधा अगदी गुळगुळीत. काही सांव्यांच्या पानांवर आडवे जांभळे पट्टेही असतात, पण त्यावर विसंबू नका. लहानपणी आजोबा आम्हा भावंडांना शर्यत लावायचे, जो चुकून धान उपटेल त्याला दुपारचा गूळ नाही. मला बरेच दिवस गूळ मिळाला नाही.

जंगली धानाला जिभली असते, तिथे ही युक्ती फसते. त्याची लोंबी बाहेर आली, कुसळं दिसली की लगेच कापायचं, दाणा गळायच्या आत. हिरवं असतं तोवर म्हशीला चालतं.

गोठ्यातला_डॉक्टर
जेवण झालं, झोपही झाली. पाण्याच्या रेषेचं सांगायचं राहिलं होतं.

धानाच्या वाफ्यात बारीक गोगलगायी असतात. यकृतातल्या पानकृमीचं अर्धं आयुष्य त्या गोगलगाईत जातं. मग ती पिल्लं बाहेर पडून पाण्याच्या कडेला गवताच्या बुडख्याला चिकटतात, डोळ्यांना दिसणार नाहीत अशा बारीक गाठी. जनावराने ते बुडखे खाल्ले की काम झालं. पावसाळ्यात खातं, हिवाळ्यात दिसतं. खंगत जातं, दूध आटतं, डोळ्यांच्या आतली कड पांढरी पडते, आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. लोकांना वाटतं घटसर्प.

म्हणून वितभर वरून कापा. उपटलेलं असेल तर बुडखा विळ्याने उडवून टाका. दिवसभर चांगल्या उन्हात वाळवता आलं तर उत्तम, त्या गाठी कोरड्याने मरतात, पण पावसाळ्यात ऊन कुठून आणणार. पाऊस संपला की पानकृमीचं औषध गावातल्या डॉक्टरकडून द्यावं, साध्या जंताच्या गोळीने भागत नाही.

कोकणातल्या आजींनी मुळं तोडायला सांगितलं ते मातीसाठी असेल, पण फायदा दोन्हीकडून झाला.

सावलीतला_बाप्या
जबड्याखालची पिशवी वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरी शिवपुरीकडे हेच झालं होतं, पाड्या होत्या दोन. दुकानदाराने कसलीशी बाटली दिली, तीनदा पाजली, फरक नाही. थोरली गेली. धाकटीला मग जनावरांच्या डॉक्टरने हात लावून सांगितलं, ही यकृताची गोष्ट आहे. ती वाचली, पण कधी गाभण राहिली नाही. तेव्हा कोणी गोगलगाय म्हणून सांगितलं नव्हतं.

गोठ्यातला_डॉक्टर
वाईट वाटलं. होतं असं, कारण खाण्याचा दिवस आणि दुखण्याचा दिवस यात दोन-तीन महिने जातात, कोणाला दुवा लागत नाही.

मुरारकर
डॉक्टरसाहेब, तुमचं ऐकलं तर म्हशीला काहीच घालता येणार नाही. आमच्या आजीने काय वितभर वर मोजून कापलं होतं?

गोठ्यातला_डॉक्टर
तुमच्या आजीच्या वेळी दर गावात जनावरं मरायची आणि लोक म्हणायचे नजर लागली.

मुरारकर
बरं. आणि औषध मारलेलं तण? आमच्या शेजाऱ्याची गाय मारलेल्या शेतात शिरून चरली, काही झालं नाही.

डबऱ्याची_धानवाली
कोणतं औषध ते सांगा. लावणीनंतर दोन-तीन दिवसांत टाकतात ते वेगळं, ते तण उगवूच देत नाही. लश्करकरांच्या बटईदाराकडे बहुधा बिस्पायरीबॅक असणार, कारण सांवा दोन-चार पानांवर असताना, पंधरा ते पंचवीस दिवसांत तेच मारतात. मारायच्या आधी वाफ्यातलं पाणी काढावं लागतं, म्हणजे पान उघडं पडतं, आणि दोन-तीन दिवसांनी परत भरावं लागतं. म्हणून त्याची घाई आहे, पंचविसाव्या दिवसानंतर सांवा ऐकत नाही.

गोठ्यातला_डॉक्टर
कोणतंही असो, मारलेल्या वाफ्यातलं या हंगामात गव्हाणीत नको. बाटलीवर लिहिलेलं असतं, ते वाचा. विशेषतः २,४-डी. त्याने काही तणांत नायट्रेट साठतं, आणि एरवी जनावर ज्याला तोंड लावत नाही असं तण कोमेजून चवदार लागतं, मग खातं. शेजाऱ्याच्या गाईला काही झालं नाही ही आनंदाची गोष्ट आहे, पुरावा नाही.

नायट्रेट औषधाशिवायही साठतं. युरिया फेकून चार दिवस ढगाळ राहिलं की तण हिरवंगार काळपट दिसतं, लोक खूश होतात. तेच सगळ्यात धोक्याचं. जनावर धापा टाकतं, कोसळतं, रक्त चॉकलेटी दिसतं. कोवळी ज्वारी खाऊन किराळ (विषबाधा) लागते ती वेगळी, तिथे रक्त उलट लालभडक असतं. तेव्हा युरियानंतर आठ-दहा दिवस त्या वाफ्यातलं आणू नका. दाणे पानांवर अडकलेले असतात तेही पोटात जातात.

कोकणातला_चाकरमानी
म्हणजे औषध नको, युरिया नको, पाण्याखालचं नको, निसवलेलं नको. म्हैस उपाशी मरणार नाही तर मालक मरेल.

इंदुरी_मावशी
निसवलेलं का नको?

डबऱ्याची_धानवाली
दोन कारणं. निसवलं की पान राठ होतं, सत्त्व दाण्यात जातं. आणि म्हैस दाणे खाते, त्यातले काही तसेच शेणातून बाहेर पडतात, शेण शेतात जातं आणि पुढच्या वर्षी तुम्ही स्वतःच सांवा पेरलेला असतो. खत नीट कुजवलं, ढीग आतून तापला, तर बी मरतं. पण नीट कुजवतो कोण? उकिरडा वाढत राहतो आणि जूनमध्ये वरचा ओला थर आधी शेतात जातो.

बडोदेकरीण
जलकुंभी (जलपर्णी) घालतात का कोणी? इथे तळी भरलेली असतात, इतकं हिरवं बघून वाटतं काहीतरी उपयोग करावा.

गोठ्यातला_डॉक्टर
त्यात तर पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. थोडी कोमेजवून, भुशात मिसळून काही लोक घालतात. पण सांडपाण्याच्या नाल्यातली अजिबात नको, ती पाण्यातले जड धातू ओढून घेते. आमच्या ग्वाल्हेरात जिथे जलकुंभी उगवते तिथलं पाणी आठवून बघा आणि मग ठरवा.

वाफ्यातच काही हवं असेल तर अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं) करा. कोरड्या वजनात वीस-पंचवीस टक्के प्रथिनं असतात. दिवसाला दीड-दोन किलो, धुऊन, दाण्यात मिसळून. पोटभर चारा नाही तो, चटणी समजा.

सावलीतला_बाप्या
मेंडेवर बेशरम असतं ते बकऱ्या खातात, त्याचं काय?

गोठ्यातला_डॉक्टर
खातात आणि मग सोडत नाहीत, व्यसन लागतं. हळूहळू डोकं हलायला लागतं, मागचे पाय धरत नाहीत. नाव उगाच नाही पडलं.

मुरारकर
आमच्या गल्लीत अशी दोन-तीन माणसं आहेत.

पुणेरी_पगडी
मला एक कळत नाही. एवढा तांदूळ पिकवता, मग पेंढा असतोच की. तो घाला.

लश्करकर
आमच्याकडे पुआल फारसं घालत नाहीत, गव्हाचा भूसाच. पुआल बरेच जण जाळतात, दिल्लीवाले मग शिव्या घालतात.

गोठ्यातला_डॉक्टर
पुआलात सिलिकाचा (वाळूतल्या घटकाचा) अंश फार, प्रथिनं तीन-चार टक्के, आणि ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं. पण सुधारता येतं. शंभर किलो पुआलाला चार किलो युरिया, चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, दाबून ताडपत्रीने हवाबंद, एकवीस दिवस. उघडल्यावर वास उडू द्यायचा, मग घालायचं. लहान वासरांना नाही.

आणि बुरशी आलेलं पुआल कधीही नाही. हिवाळ्यात भिजलेलं पुआल खाऊन म्हशींची शेपटी, कानाची टोकं, खुरांच्या वरची कातडी काळी पडून सडते. त्याला देगनाला म्हणतात, पंजाबातल्या एका नाल्याच्या काठी पहिल्यांदा दिसला म्हणून. गाईपेक्षा म्हशीला जास्त. शेपटीचा गोंडा हातात आलेला मी पाहिलाय.

कोकणातला_चाकरमानी
डॉक्टर, तुम्ही जेवणानंतर लिहीत जा हो. आमचं जेवण राहिलंय.

डबऱ्याची_धानवाली
लश्करकर, गंमत बघा. जबलपूरला केंद्र सरकारची संस्था तण कसं मारावं यावर काम करते, आणि इथून जवळ झाशीला १९६२ पासून दुसरी संस्था चारा कसा वाढवावा यावर. तुमचा बटईदार जबलपूरचा आणि त्याची बायको झाशीची.

पण एक सांगू? भांडण धानाच्या वाफ्यावरून आहे, आणि चारा खरा आहे मेंडेवर आणि कालव्याच्या कडेला. तिथे गवताने धानाचं काही बिघडत नाही. बारा बिघ्यांची मेंड मोजा एकदा. वाफ्यात मात्र विसाव्या आणि चाळिसाव्या दिवशी हाताने निंदणी, जितकं निघेल तितकं म्हशीला. मजुरी परवडत नसेल तर लांबच्या वाफ्यांत औषध, घराजवळच्या वाफ्यांत हात.

मुरारकर
हे मात्र पटलं. आजीही मेंडेवरचंच कापायची बहुतेक, आता आठवतंय.

लश्करकर
मंडळी, काल जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

आधी धानवालीताईंची जिभली. बटईदाराच्या बायकोने पाच रोपं उपटून माझ्या हातात दिली, सांगा बाबूजी. मी चष्मा पुसला, पान मागे वाकवलं, जिभली शोधली. पाचातली तीन चुकलो. तिने न वाकवताच पाचही सांगितली. मी विचारलं कसं, तर म्हणाली, हाताला वेगळं लागतं. बटईदार बाजूला उभा राहून हसत होता, म्हणून त्याच्याही हातात दोन दिली. तो एक चुकला. त्यानंतर हसला नाही.

मग भुशाचं विचारलं. डॉक्टर, तुम्ही बरोबर. रोज संध्याकाळी एक टोपली भूसा घालतेच, वर सरकीची पेंड. 'हात लावला नाही' म्हणजे विकत आणावा लागला नाही, असं तिचं म्हणणं. मीही उगाच शब्दशः घेतलं.

ठरलं ते असं. कालव्याकडच्या आठ बिघ्यांत तो आजच औषध मारेल. घराजवळच्या चार बिघ्यांत नाही, तिथे ती आणि तिची नणंद निंदतील, त्या दिवसांची मजुरी बटईच्या हिशेबातून नाही, माझ्याकडून. मेंड सगळी तिची. युरिया फेकायचा दिवस तो तिला आधी सांगेल. यावर तिने नवऱ्याकडे असं बघितलं की मीच खाली बघितलं. आणि मारलेल्या आणि न मारलेल्या वाफ्यांच्या मधल्या मेंडेवर काठ्या रोवून लाल चिंध्या बांधल्यात, म्हणजे कापायला येणारी नणंदही चुकायची नाही.

पाण्याच्या रेषेचं सांगितलं तेव्हा मात्र ती गप्प झाली. मग म्हणाली, दोन वर्षांपूर्वी एक पाडी जबड्याखाली सुजून गेली होती.

सावलीतला_बाप्या
पानकृमीचं औषध पाऊस संपल्यावर नक्की द्यायला सांगा. विसरतात.

लश्करकर
लिहून दिलंय. दिवाळीच्या आधी मीच घेऊन जाईन.

डबऱ्याची_धानवाली
चार बिघ्यांत किती पोती कमी आली ते कापणीनंतर सांगा. किंवा जास्त. मला खरंच बघायचंय.

लश्करकर
सांगतो. पण आज सकाळीच फोन आला. रात्री म्हैस खुंट्यावरून सुटली आणि मेंडेवरच्या दोन लाल चिंध्या खाऊन गेली.

गोठ्यातला_डॉक्टर
कापडाच्या होत्या की प्लॅस्टिकच्या?

लश्करकर
कापडाच्या. तिच्याच जुन्या सुती साडीच्या, वीतभर.

गोठ्यातला_डॉक्टर
मग निघतील. दोन दिवस शेणावर लक्ष ठेवा. आणि आता काठ्यांना चुना लावा.